खाऱ्या कणकेचा सण

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि सुमारे वाटीभर पाणी, एवढ्या भांडवलावर इंग्लंडातील प्राथमिक शाळांचा दिवाळीपासून नाताळापर्यंतचा सगळा कारभार चालतो, असे विधान केले तर त्यात थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार होणार नाही. ऑक्टोबर उजाडला की या कणकेच्या पणत्या होतात, कारण धर्मपरिचयाच्या तासाला दिवाळी शिकविण्याचा तेथे आता शिरस्ताच पडून गेला आहे. आणि डिसेंबर लागला की त्याच परातीतून चांदण्या, घंटा, देवदूत आणि लहानग्यांच्या पंजांचे ठसे बाहेर पडतात, त्यांना वरच्या अंगाला दोरा ओवण्यापुरते भोक पाडले जाते, मंद आचेच्या भट्टीत ते दोन-तीन तास वाळविले जातात, आणि रंग व वार्निश यांचे संस्कार होऊन ते नाताळच्या झाडावर चढतात. आपल्याकडे शाडू, गेरू आणि रांगोळी यांनी बालपणीचे जे स्थान व्यापले आहे, ते युरोपातील थंड प्रदेशांत या खाऱ्या कणकेने पुष्कळसे बळकावले आहे.

तीन जिनसांचा हा तपशील दिसतो त्याहून विचित्र आहे. वाटीने मोजता पीठ मिठाच्या दुप्पट दिसते, परंतु तराजूत घातल्यावर मामला उलटतो. मैदा हलका, मीठ जड. इंग्रजी मोजाचे दोन कप मैदा अडीचशे ग्रॅमच्या घरात जातो आणि एक कप बारीक मीठ मात्र तीनशेच्या जवळ पोहोचते. म्हणजे ज्याला आपण मीठ घातलेले पीठ म्हणतो, ते वस्तुतः पिठाने बांधलेले मीठ असते. गव्हातील जी चिवट द्रव्ये मळताना एकमेकांत गुंतून कणकेला ताण देतात, त्यांची पकड मिठामुळे अधिक घट्ट होते. आणि मिठाने पाणी धरून ठेवल्यामुळे बुरशीला व जिवाणूंना त्या गोळ्यात निर्वाह करणे अशक्य होते. साधी कणीक दुसऱ्या दिवशी आंबते, चौथ्या दिवशी तिच्यावर बुरशी चढते. खारी कणीक नीट वाळली आणि कोरडी राहिली, तर वर्षानुवर्षे आहे तशी राहते.

झाडावर खाद्यपदार्थ टांगण्याची चाल या कणकेपेक्षा पुष्कळ जुनी. स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ सालच्या एका वृत्तांतात, लोक आपल्या बैठकीत फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखर लटकवितात, अशी नोंद आहे. सणाची सांगता होताना मुलांनी ते झाड लुटावे आणि लुटीचा ऐवज तोंडात टाकावा, हाच त्या सजावटीचा स्वाभाविक शेवट होता. न खाण्याजोगी शोभा झाडावर प्रतिष्ठित झाली ती नंतर. थुरिंगियातील लाउशा या काच फुंकणाऱ्यांच्या गावात १८४७ च्या सुमारास काचेचे गोळे झाडासाठी घडविले जाऊ लागले, पुढच्याच वर्षी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात विंडसरच्या राजवाड्यातील व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र प्रसिद्ध झाले, आणि मग मध्यमवर्गीय इंग्रज घरांनी त्या जर्मन रिवाजाचा अंगीकार करण्यास फारसा विलंब लावला नाही.

या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे खाऊन संपणारी साखर आणि विकत आणावी लागणारी काच यांच्या मध्ये, खाऱ्या कणकेची वसती आहे. तिच्या जन्माची जर्मन मुलखात एक सुरस कथा सांगतात. गरीब घरांत कणकेच्या बाहुल्या करून झाडावर बांधीत. रात्री उंदीर त्या कुरतडीत. म्हणून कोणा शहाण्या गृहिणीने कणकेत मूठमूठ मीठ घातले आणि उंदीर परतले. कथा गोड आहे, आणि ती सांगणाऱ्याचा हिरमोड करावा असे मनात येत नाही. तथापि जमाखर्चाच्या वहीवर ती टिकत नाही. निम्म्याहून अधिक वजन मिठाचे असणारी वस्तू गरिबाच्या घरी मुलांच्या हातात खेळावयास द्यावयाची, तर मीठ कवडीमोल असावे लागते. आणि युरोपात शतकानुशतके मीठ हा राजेरजवाड्यांच्या खजिन्याचा आवडता आधार होता. फ्रान्समध्ये मिठावरील जुलमी कराने जनता किती त्रासली होती हे राज्यक्रांतीच्या इतिहासात नमूद आहे. इंग्लंडात मिठावरचा कर १८२५ साली उठला. जर्मनीत तर तो १९९३ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपाने तगून होता. एखाद्या खेड्यात कोणी बाहुलीच्या कणकेत चिमूटभर मीठ अधिक घातले असेल, हे मी मान्य करतो. परंतु वाटीमागे वाटी मीठ मुलांपुढे ओतण्याची ही जी आजची रीत आहे, ती खाणीतील मीठ यंत्राने निघू लागल्यावरची, आगगाडी आल्यानंतरची आणि कारखान्यातील पांढऱ्याशुभ्र मैद्याच्या काळची असली पाहिजे. १९७० नंतरच्या दोन दशकांत पश्चिम जर्मनीत आणि अमेरिकेत या छंदाला जो भर आला, तोही स्वस्ताईने पोट भरलेल्या समाजातच आला.

मीठ न घालताही हा उद्योग करणारे आहेत. मोराव्हियातील विझोविचे या गावी पक्षी, साळिंदर, पाळण्यातील बाळे अशा आकृती बिनखमिराच्या कणकेतून कात्रीने व चाकूने कातरून घडवितात, अंड्याचा हात देऊन तपकिरी भाजतात, आणि त्या खावयाच्या नसून ठेवावयाच्या असतात. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरची राजधानी कितो हिच्याजवळ काल्देरोन म्हणून गाव आहे. तेथे मृतांच्या स्मरणदिनी करावयाच्या पावाच्या बाळांपासून पुढे रंगीत कणकेच्या न खाण्याच्या बाहुल्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला.

आणि अमेरिकेतील सिनसिनाटीची हकीकत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. तेथील एक कारखाना भिंतींवरील कागद पुसण्याचा लगदा करीत असे. घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या तोवर भिंतींवर काजळी धरे, आणि हा लगदा त्यावर फिरवून ती टिपून घेत. पुढे कोळसा गेला, वायू आणि तेल आले, धुता येतील असे भिंतीचे कागद निघाले, आणि कारखान्याचा माल पडून राहू लागला. मालकांपैकी जोसेफ मॅकव्हिकर यांच्या नात्यात के झुफॉल या न्यू जर्सीतील शिशुवर्गाच्या शिक्षिका होत्या. या लगद्यापासून नाताळची स्वस्त शोभेची लेणी करता येतात, असे त्यांच्या एका नियतकालिकात वाचनात आले होते; त्यांनी लगदा आणून वर्गातील मुलांपुढे ठेवला, मुले तासन्‌तास त्यात रमली, आणि बाईंनी कारखानदाराला धंदा बदलण्याचा सल्ला दिला. काजळी पुसण्याचा गुण काढून, रंग व सुवास घालून १९५६ साली तो बाजारात आला, तेव्हा त्याचे प्ले-डो हे नावही झुफॉल दांपत्यानेच सुचविले होते. आज मुंबई-पुण्याच्या खेळण्यांच्या दुकानांत त्याचे पिवळे डबे रांगेने मांडलेले दिसतात. त्यांतील मुख्य द्रव्ये म्हणजे पाणी, मीठ आणि पीठ. नाताळच्या शोभेच्या निमित्ताने एका बुडत्या कारखान्याचे तारू किनाऱ्याला लागले, आणि ज्यांच्या सूचनेवर ते लागले त्या बाईंचे नाव डब्यावर छापण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

मराठी घराला कणकेच्या मूर्तिकामाचे वावडे नाही. आषाढी अमावास्येला घरातील समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडतात आणि गुळाच्या पाण्यात भिजविलेल्या कणकेचे दिवे उकडून तुपाशी खातात. श्रावणी अमावास्येला पिठाच्या मूर्तींची पूजा होते, त्यावरून तिला पिठोरी म्हणतात. धनत्रयोदशीला तिन्हीसांजेस कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी ठेवतात. दिवाळीत देशावरच्या अनेक गावी शेणाच्या गवळणी आणि पांडव अंगणात बसवितात, आणि मुले तर दगड, माती व गोणपाट यांचा किल्ला रचून त्यावर बाजारातील मावळे चढवितात. पण या सर्व कलाकृतींचा कारभार एकाच नियमाने चालतो असे दिसून येईल: त्या राहण्यासाठी नसतात. दिवा पोटात जातो, यमाचा दिवा कावळ्या-चिमण्यांच्या वाट्याला येतो, गवळणी वाळून गोवऱ्यांत जमा होतात, आणि तुळशीचे लग्न लागण्यापूर्वीच पोरे किल्ल्यावर उड्या मारून तो जमीनदोस्त करतात, हा तर किल्ला बांधण्याइतकाच मोठा आनंद. उलट खाऱ्या कणकेच्या तारकेच्या पाठीवर मुलाचे नाव आणि साल कोरले जाते, जानेवारीत ती कापसात गुंडाळून पेटीत जाते, आणि वीस वर्षांनी तो मुलगा मिशा फुटल्यावर आपल्या चार वर्षांच्या तळहाताचा ठसा झाडावर टांगतो. आपण अन्नाची मूर्ती करून तिला पुन्हा अन्नात किंवा मातीत सोडून देतो. त्यांनी अन्नात मीठ घालून त्याचे अन्नपण काढून घेतले आणि तेवढ्या मोलाने काळ विकत घेतला. यांतील एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे मला वाटत नाही, पण मराठी मन पहिल्या रीतीत वाढलेले असल्याने दुसरीच्या उंबरठ्यावर क्षणभर अडखळते, हे खरे.

हे अडखळणे मी इंग्लंडातील लेस्टर शहरी प्रत्यक्ष पाहिले. बेलग्रेव्ह रस्त्यावरील दिवाळीच्या रोषणाईने या शहराचे नाव भारताबाहेर दूरवर गेले आहे, आणि तेथील शाळांत गुजराती मुलांच्या बरोबरीने आता मराठी मुलेही पुष्कळ आहेत. एका प्राथमिक शाळेत दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पणत्या करावयाच्या होत्या आणि मदतीला घरच्या वडीलधाऱ्यांना बोलाविले होते. त्यांत वाईहून मुलाकडे आलेल्या एक आजी होत्या. सहावारी पातळावर त्यांनी मुलाचा जाडजूड कोट चढविला होता. शिक्षिकाबाईंनी परातीत मैद्यावर मीठ ओतले, तशा आजी नातीच्या कानाशी लागल्या.

“अगं, हे एवढं मीठ? आणि खायचं नाही म्हणतेस?”

“नाही आजी. वाळवायचं, रंग द्यायचा.”

“मग चांगलं पीठ नासवायचंच की.”

नातीने हे भाषांतर करून बाईंना सांगितले नाही, यात तिचे शहाणपण दिसले. आजींच्या मनातील अवघडलेपण नुसते काटकसरीचे नव्हते. सांडलेले मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावे लागते, अशी समजूत ज्या पिढीने आईच्या तोंडून ऐकली, आणि ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रही लाठ्या खात असल्याच्या बातम्या वाचल्या, त्या पिढीच्या घरात मीठ हा जिन्नस मापून वापरावयाचा असतो. मिठावरचा कर हिंदुस्थानात १९४७ साली गेला. मापण्याची सवय कायद्याने जात नाही.

परंतु हात काही मनाचे ऐकत नाहीत. समोरच्या टेबलावरील एका गोऱ्या मुलाने पाण्याचा पेला एकदम परातीत उपडा केला आणि त्याचा लगदा झाला, तेव्हा आजी उठल्या, त्यांनी मूठभर मैदा वरून भुरभुरला, तळहाताच्या टाचेने गोळा दाबून, दुमडून, पुन्हा दाबून पाच मिनिटांत ताळ्यावर आणला, आणि त्या मुलाला मराठीतच बजावले, “पाणी थोडं थोडं लावायचं.” तो मुलगा समजल्यासारखी मान हालवून कामास लागला. त्यानंतर बाईंच्या हातून मळणीचे खाते आपसूक आजींकडे आले. खारी कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट असावी लागते, मीठ विरघळेपर्यंत ती बोटांना रवाळ लागते, आणि मळून झाल्यावर ओल्या फडक्याखाली थोडा वेळ विसावली की तिचे अंग गुळगुळीत होते. यांतील पहिली दोन लक्षणे बाईंनी सांगितली, तिसरे आजींनी कोणी न सांगता केले.

पणत्या झाल्या त्या सर्व जातींच्या. कोणाची खोलगट, कोणाची बशीसारखी पसरट, एकीला कासवाचे पाय. नातीने काठाला चिमटे घेऊन करंजीची मुरड घातली, आणि ती मात्र आजींच्या देखरेखीखाली तीनदा मोडून पुन्हा घालावी लागली. भट्टी शंभर अंशांच्या आसपास ठेवली होती. आच वाढविली की आतील पाण्याची वाफ होऊन वस्तू फुगते आणि तडकते, म्हणून या कामात भाजणे म्हणजे सावकाश सुकविणेच असते. तेल आणि वात मात्र या पणतीला चालत नाही. कच्ची असेल तर ती तेल पिऊन बसते, वार्निश असेल तर ज्योतीशी त्याचा संबंध धोक्याचा. शाळेत तर अग्नीला मज्जावच होता. विजेच्या घटावर चालणाऱ्या चिमुकल्या मेणबत्त्या प्रत्येक पणतीत ठेवण्यात आल्या, आणि आजींनी नमस्कार करावा की नाही याचा क्षणभर विचार करून शेवटी केला.

हा प्रयोग महाराष्ट्रात करू इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगणे भाग आहे. एक तर दिवाळीचे दिवस त्यास उत्तम. ऑक्टोबरचे ऊन भट्टीचे काम फुकट करते. अर्धा सेंटिमीटर जाडीची वस्तू उलटसुलट करीत तीन-चार दिवसांत वाळते, आणि फराळाच्या निमित्ताने माळ्यावरून उतरलेली आयुधे हाताशी असतात. युरोपातील बायका मेंढीची लोकर किंवा देवदूताचे केस करण्यासाठी कणीक लसूण पिळण्याच्या यंत्रातून काढतात. आपल्याकडे शेवेचा सोऱ्या हे काम अधिक डौलाने करील, आणि शंकरपाळ्यांच्या कातण्याने तारकेला झालर येईल. ओली कणीक चाखण्याचा मोह लहान मुलांना होतोच, पण एका जिभेच्या टोकानंतर पुन्हा होत नाही. कुत्र्याचे तसे नाही. त्याला ही वस्तू बिस्किटासारखी वाटते, आणि एवढे मीठ पोटात गेल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पाश्चात्त्य देशांतील पशुवैद्य नाताळ जवळ आला की याविषयी इशारे देत असतात.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. हवेतील सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते. समुद्राच्या खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर याहून पुष्कळ कमी दमटपणातही पाझरतात. मुंबईत आणि कोकणपट्टीत जुलैची सरासरी आर्द्रताच या रेषेच्या वर असते. त्यामुळे लेस्टरच्या शेकोटीने सुकलेल्या खोलीत जी तारका आयुष्यभर खणखणीत राहते, ती रत्नागिरीच्या घरात आषाढ लागताच घामेजते, तिचा रंग सुटतो, आणि श्रावणापर्यंत ती मऊ पडून दोऱ्याच्या भोकापाशी तुटते. वार्निशाचे दोन-तीन हात, मागूनपुढून आणि भोकाच्या आतूनही, दिले आणि ती हवाबंद डब्यात ठेवली, तर बचावाची थोडी आशा. देशावर, सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत, तिचा निभाव अधिक लागेल. किनाऱ्यावरील लोकांनी मात्र तिला आपल्या जुन्या नियमात बसवून दिवाळी ते होळी एवढीच मुदत द्यावी, म्हणजे निराशा होणार नाही.

मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न लेस्टरच्या शाळेतही होताच. काही मुले पणत्या घरी नेण्यास विसरली होती. बाई त्या सहामाही संपेपर्यंत एका पत्र्याच्या डब्यात सांभाळतात आणि मग केराच्या टोपलीत टाकतात. शाळेच्या बागेतील खताच्या ढिगात त्या घालता येत नाहीत, कारण मिठाने गांडुळे आणि रोपे दोन्ही मरतात. पाखरांसाठी बाहेर ठेवाव्यात, तर त्यांनाही ते मीठ बाधते. आजींना हे काही पसंत पडले नाही. दिवा केरात जात नसतो, एवढे सांगून त्यांनी रंग-वार्निश न लावलेल्या उरल्यासुरल्या पणत्या पिशवीत घालून घरी आणविल्या, देव्हाऱ्यापुढे हळद-कुंकू लावले आणि पाण्याच्या बादलीत सोडल्या. सकाळी तळाशी पांढरी पेज उरली होती. तुळशीच्या कुंडीत ती ओतण्यास मुलाने स्पष्ट मनाई केली, तेव्हा आजींनी मागील दारच्या फरसबंदीच्या फटींत माजलेल्या तणावर ती ओतविली; आणि पुढे महिनाभर तेथे एक हिरवे पान उगवले नाही, असे मुलाने मला मोठ्या समाधानाने सांगितले.